आगमनाची तारीख

उत्तरेस मोमिनपुरा आणि हंसापुरी, पूर्वेस इतवारी, दक्षिणेस भोसल्यांचा महाल आणि पश्चिमेस, काही अंतरावर, रेल्वेचे मुख्य स्थानक, अशा चतुःसीमेत वसलेली नागपुरातील गांधीबाग ही विदर्भाला आणि छत्तीसगड व मध्य प्रदेशाच्या लगतच्या जिल्ह्यांना कापड पुरवणारी घाऊक पेठ म्हणून सर्वांना परिचित आहे. परंतु या पेठेतील पेढ्यांवर बसणारे, तिच्या आसपासच्या मोहल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या माग चालवीत आलेले आणि तिच्या अरुंद गल्ल्यांतून कापडाच्या गाठी हातगाडीवर लादून नेणारे लोक कोठून आले, याची चौकशी कोणी आरंभिली, तर तीनशे वर्षांच्या स्थलांतराचा इतिहास त्याच्यापुढे उलगडेल. अग्रसेन चौक हे नाव राजस्थान आणि हरियाणाकडून आलेल्या अग्रवालांनी आपल्या कुलपुरुषाच्या स्मरणार्थ रूढ केले. स्त्रियांसाठी असलेले डागा स्मृती रुग्णालय बिकानेरहून आलेल्या सावकार घराण्याचे नाव धारण करते. आणि मोमिनपुऱ्याचे नावच तेथे कोण येऊन राहिले ते सांगते.

अशा गावात आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याचे काम दोन निरनिराळ्या सत्ता करीत असतात. बाजार माणसाची पत पाहतो, त्याचे कसब पाहतो, आणि दोन-तीन हंगामांत आपला निर्णय देतो. राज्यसंस्था मात्र त्याला प्रथम तारीख विचारते: तू, किंवा तुझा आजा, कोणत्या दिवशी कोणत्या सीमेच्या आत होतास? या दोन निर्णयांत जेथे अंतर पडले तेथे माणसांनी फार सोसले आहे. आणि गांधीबागेच्या परिसरात ते अंतर जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

नागपूर हे नगरच मुळी निमंत्रितांचे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा लहान वाड्या एकत्र करून हे नगर वसविले आणि कारागीर, शेतकरी व व्यापारी यांना, ते हिंदू असोत वा मुसलमान, आपल्या मुलखात बोलावून घेतले. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल द्यावा, कारागिराला जागा द्यावी आणि पेठ भरू लागली म्हणजे जकात घ्यावी, ही त्या काळची राजनीती होती. तीत परमुलखातून आलेला माणूस म्हणजे राज्याच्या संपत्तीत पडलेली भर होती. बख्त बुलंदाचा पुत्र चाँद सुलतान याने राजधानी नागपुरास आणली, तट बांधला आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जाणारा जुम्मा तलाव खोदविला. त्याच्या मृत्यूनंतरच्या वारसाकलहात पहिल्या रघूजी भोसल्यांचा हात शिरला आणि १७४३ च्या सुमारास सत्ता भोसल्यांकडे आली. मराठी भाषा विदर्भाला नवी नव्हती, कारण महानुभावांचे रिद्धपूर याच प्रदेशात आहे. पण नागपूर दरबारात मराठी बोलणारे शिलेदार, चिटणीस आणि भास्करराम कोल्हटकरांसारखे मुत्सद्दी घराण्यांतील पुरुष आले ते गोंड राज्याच्या दृष्टीने बाहेरूनच आले. संत्र्याचीही हीच कथा आहे. ज्या फळाने नागपूरचे नाव देशभर गेले, त्याची कलमे भोसल्यांच्या काळात औरंगाबादेकडून आणली गेली असे परंपरा सांगते.

भोसल्यांच्या आश्रयाने कोष्टी विणकरांची वस्ती वाढली. रेशीमकाठी लुगडी, पागोटी आणि बारीक सुताची धोतरे यांसाठी नागपूर, उमरेड आणि पवनी ही गावे प्रसिद्धीस आली. खड्डामागावर बसून धोटा फेकणारा कोष्टी, ताण्याला खळ लावणारी त्याची बायको आणि कांड्या भरणारी मुले असा सगळा संसारच मागाभोवती उभा असे. दरबाराची मागणी, बाजाराचा आठवडा आणि सणांचे हंगाम यांवर त्यांचे पोट चाले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि दरबाराबरोबर उंची कापडाचे एक मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले.

नेमक्या याच काळात उत्तरेकडून दुसरे विणकर येऊ लागले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजी फौजांनी आजच्या उत्तर प्रदेशात जो सूड उगवला त्यामुळे, आणि विलायती कापडाने तेथील मागांचा धंदा आधीच बसत आला होता म्हणूनही, मोमिन म्हणजे अन्सारी विणकरांची कुटुंबे दक्षिणेस निघाली. कोणी बऱ्हाणपुरास थांबले, कोणी मालेगावास, कोणी भिवंडीस. आणि बरेचसे कामठी व नागपूर येथे स्थिरावले. कामठी ही १८२१ पासून इंग्रजांची छावणी होती, तेथे कापडाला गिऱ्हाईक होते. कोष्टी आणि मोमिन हे धर्माने, भाषेने आणि चालीरीतींनी भिन्न असलेले दोन समाज एकाच शहरात, एकाच कसबावर आणि एकाच अडत्याच्या उधारीवर जगू लागले. त्यांच्यात स्पर्धा होती हे खरे. परंतु सुताचा भाव चढला की दोघांच्याही घरी चूल मंद होई, आणि गिरणीच्या सुताने दोघांनाही सारखेच परावलंबी केले. १९२७ च्या सप्टेंबरात महाल भागात झालेल्या दंगलीसारख्या घटनांनी या सहवासावर खोल ओरखडे उमटले आहेत, आणि अशा घटना पुढेही घडल्या आहेत. त्या लपविण्याचे कारण नाही. मात्र ज्याला या शहराचा सामाजिक इतिहास लिहावयाचा असेल त्याने दंगलींच्या तारखांबरोबर, मधल्या दशकांत ताणा एकाच्या आणि पैसा दुसऱ्याच्या घरून येत राहिला, याचीही नोंद केली पाहिजे.

पैसा आला तो मारवाडातून. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला अपूर्व भाव आला, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोचला, आणि ज्या राजस्थानातील वाळवंटी ठाण्यांवरून पूर्वी उंटांचे काफिले जात असत ती ठाणी रेल्वेने निरुपयोगी केल्यामुळे तेथील महेश्वरी, अग्रवाल, ओसवाल आणि खंडेलवाल तरुण घर सोडून निघाले. असा तरुण प्रथम एखाद्या जातभाईच्या गादीवर मुनीम म्हणून राही, बासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामायिक भोजनगृहात जेवी, हिशेब शिके, आणि काही वर्षांनी त्याच पेढीकडून उधारीवर माल घेऊन आपले दुकान थाटी. परक्या मुलखात भांडवल नसलेल्या तरुणाला भांडवल पुरविणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारी योजनेवाचून शतकभर चालली. बन्सीलाल अबीरचंद ही बिकानेरच्या डागा घराण्याची पेढी कामठीस स्थिरावली, सरकारची खजिनदार झाली, गिरण्यांत उतरली, आणि तिच्यातील सर कस्तूरचंद डागा यांच्या नावाचे मैदान आज नागपूरच्या मध्यभागी आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे याच प्रवाहातले. सीकरजवळच्या एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आला आणि पुढे गांधीजींना वर्ध्यास आणणारा झाला.

परंतु आगंतुकाच्या पैशाची दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून हा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विदर्भाबाहेर, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी जमलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे हाती लागतील तेवढे त्यांनी जाळले. हा उठाव आसपासच्या अनेक गावांत पसरला. सरकारने आयोग नेमला. आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, ज्याने दिवाणी न्यायाधीशाला खतावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालण्यास आळा घातला. स्थलांतरामुळे उत्पन्न झालेल्या सामाजिक तणावाने हिंदुस्थानातील कायद्याची दिशा बदलली त्याचे हे एक ठळक उदाहरण होय. यात सरकारने शहाणपणाची गोष्ट केली ती अशी, की सावकाराचे मूळ गाव कोणते हे त्याने कायद्यात आणले नाही. व्यवहार न्याय्य होता की नाही एवढेच पाहण्यास सांगितले. शंभर वर्षांनंतरच्या कित्येक कायद्यांना हे साधलेले नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नवसारीचे पारशी मालक, बेझनजी मेहतांसारखे व्यवस्थापक, नागपूरचे महार आणि कोष्टी, छत्तीसगडचे मजूर असा तिचा संसार होता. कामगार टिकून राहत नाही, सुगी आली की गावी जातो, या अडचणीवर जमशेटजींनी जे उपाय योजले त्यांतून १८८६ चा निवृत्तिवेतन निधी, १८९५ ची अपघात नुकसानभरपाई आणि १९०१ चा भविष्यनिर्वाह निधी निर्माण झाला. देशाच्या कायद्यात नुकसानभरपाईचे तत्त्व १९२३ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचे १९५२ मध्ये आले. गावाकडून आलेल्या मजुराला शहरात थांबवून ठेवण्याच्या खटाटोपातून अखिल भारतीय कामगार कायद्याचा एक महत्त्वाचा झरा निघाला, आणि तो गांधीबागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर निघाला. २००२ मध्ये गिरणी बंद पडली. तिच्या जागी आता व्यापारी संकुल उभे आहे.

गिरणीच्या मजुरांनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची कथा अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण त्यांच्या आगमनाने आपल्या राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे घडविली. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. फाळणीनंतर पंजाबात जी कत्तल झाली तिच्या मानाने सिंधमध्ये प्रारंभी शांतता होती, आणि पुष्कळ हिंदू कुटुंबे तेथेच राहण्याच्या विचारात होती. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर हा विचार टिकला नाही. बोटींनी मुंबई व काठेवाडच्या बंदरांत आणि आगगाडीने मारवाडमार्गे सुमारे बारा लाख माणसे भारतात आली. पंजाबच्या निर्वासिताला निम्मा का होईना पंजाब मिळाला. बंगालच्या निर्वासिताला पश्चिम बंगाल होता. सिंधी माणसाला भारतात वीतभरही सिंध नव्हता. कल्याणच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. नागपुरात जरीपटका आणि खामला या वसाहती वाढल्या, आणि तेथून सकाळी निघून गांधीबाग-इतवारीत दिवसभर फेरी करणारा सिंधी विक्रेता हा पन्नाशीच्या दशकातील नागपूरकरांच्या नित्य परिचयाचा झाला.

सिंधी हिंदू बहुधा नागरी होते. सरकारी नोकरीतले आमिल, परदेशांशी व्यापार करणारे भाईबंद आणि ज्यांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत वटत असत ते शिकारपुरी सराफ, अशी त्यांची घडण होती. त्यांचे घर गेले, मिळकत गेली, पण उधारीचे शास्त्र त्यांनी बरोबर आणले. कमी नफ्यावर अधिक माल विकावा, रोख मिळताच नवा माल उचलावा, आणि दुकान नसेल तर खांद्यावर गठ्ठा घेऊन दारोदार जावे, ही त्यांची रीत जुन्या व्यापाऱ्यांना प्रथम खपली नाही. भाव पाडल्याची तक्रार झाली. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे याच रीतीने या पेठेत शिरले होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. दहा-पंधरा वर्षांत मात्र त्यांच्या पेढ्या जुन्या पेढ्यांच्या शेजारी लागल्या.

बाजाराने हे असे मिटवले. कायद्याला ते इतके सोपे नव्हते. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही रेषा आखली. त्या दिवसापूर्वी पाकिस्तानातून आलेला आणि येथे राहिलेला मनुष्य नागरिक मानला गेला. त्यानंतर आलेल्याला सहा महिने वास्तव्य करून अधिकाऱ्यापुढे दरखास्त द्यावी लागे व नोंदणी करून घ्यावी लागे. एका कुटुंबातील थोरला भाऊ जूनमध्ये आणि धाकटा ऑगस्टमध्ये आला असेल, तर घटनेने त्या दोघांना दोन निराळ्या वाटांनी आत घेतले. मिळकतीचा प्रश्न याहून बिकट. पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची येथील मालमत्ता १९५० च्या कायद्याखाली कस्टोडियन म्हणजे सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने तिचा निधी करून निर्वासितांच्या सिद्ध झालेल्या दाव्यांचा मोबदला त्यातून देण्याची तजवीज केली, आणि दावा जितका मोठा तितके भरपाईचे प्रमाण कमी, असे उतरते कोष्टक ठेवले. यात एका निर्वासिताचे छप्पर दुसऱ्या निर्वासिताच्या गेलेल्या छपरातून आले, हे विसरता येत नाही; आणि येथेच राहू इच्छिणाऱ्या कित्येक मुसलमान कुटुंबांना त्या काळात कस्टोडियनच्या नोटिशीची धास्ती घेऊन जगावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

याच मालिकेतील १९५१ चा कर्ज समायोजनाचा कायदा आज कोणाच्या स्मरणात नाही, परंतु व्यापारी समाजाच्या दृष्टीने तो मला सर्वांत सुज्ञ वाटतो. सिंधमध्ये असताना घेतलेले कर्ज सावकाराने भारतात वसूल करू पाहिले, आणि ज्या मिळकतीच्या भरवशावर ते घेतले ती तर सीमेपलीकडे राहिली, तर ऋणकोने काय करावे? या कायद्याने त्यासाठी न्यायाधिकरणे नेमली, ऋणकोची फेडण्याची ऐपत पाहून हप्ते ठरवून देण्याची आणि कर्जाची रक्कम उतरविण्याची मुभा दिली. माणूस उखडला गेला म्हणजे त्याचे ऋणही उखडले जाते, हे वास्तव कायद्याने मान्य केले. या मालिकेतील अनेक कायदे २००५ मध्ये कार्य संपल्याने रद्द झाले.

कार्य मात्र संपले नव्हते. सिंधमधून हिंदू कुटुंबे थोड्या थोड्या संख्येने पुढेही येतच राहिली, आणि नागपूरच्या सिंधी वस्तीत दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहणारी माणसे दिसू लागली. त्यांची मुले येथल्या शाळेत जातात, ते स्वतः भाड्याच्या दुकानात बसतात, परंतु मतदार नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना शेजारी देशांतील काही अल्पसंख्याक समाजांच्या नागरिकत्वाचे अर्ज निकालात काढण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे आणि पुणे यांच्या जोडीला त्यात नागपूर होते. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ ही आणखी एक तारीख आणली आणि तारखेच्या जोडीला धर्माची अट घातली. त्या अटीविषयी देशात तीव्र मतभेद झाले, आणि माझ्या मते आश्रय मागणाऱ्याच्या संकटाची चौकशी त्याच्या संकटावरूनच व्हावी, धर्मावरून होऊ नये. तथापि जरीपटक्यातील ज्या वृद्ध गृहस्थाला प्रमाणपत्र हाती पडल्यावर प्रथमच बँकेत सुखाने खाते उघडता येते त्याचा आनंद खोटा ठरत नाही.

सिंधी भाषेला १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. स्वतःचे राज्य नसलेल्या भाषेला मिळालेला हा सन्मान मोठा आहे. परंतु लिपी अरबी असावी की देवनागरी यावरच समाजात दुफळी पडली, आणि घरातील नातवंडे हिंदी व इंग्रजीकडे वळली. चेटीचंड या सिंधी नववर्षाची मिरवणूक मोठी होत गेली, आणि आजीचे पत्र वाचणारा घरात उरला नाही.

नागपूरच्या हिंदीविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. मध्य प्रांताची, आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी म्हणून या शहरात हिंदी व मराठी या दोन्ही कारभाराच्या भाषा होत्या. त्यात मारवाडी गादी, छत्तीसगडी हमाल, मोमिनांची उर्दू आणि सिंधी दुकानदार यांनी मिळून बाजारात एक अशी हिंदी घडविली, जिच्यात क्रियापद हिंदी आणि लकब मराठी असते. पुण्या-मुंबईचे लोक तिला हसतात. मला ती या शहराची मोठी कमाई वाटते, कारण तिच्यात कोणीही एकटा यजमान नाही. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण येथे आठवते. ग्वाल्हेर संस्थानात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील गजानन माधव मुक्तिबोध १९४८ मध्ये नागपुरास आले आणि पुढील दशकात येथेच हिंदी कवी म्हणून परिपक्व झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे मान्यवर कवी आणि समीक्षक झाले. एका आईची दोन मुले दोन भाषांची वाङ्मये समृद्ध करतात, ही गोष्ट स्थलांतराने दिलेल्या देणग्यांत मोजावी अशी आहे.

आता पुन्हा मागाकडे वळू. कारण कायद्याच्या तारखेने सर्वांत अधिक ज्यांना ग्रासले ते लोक परप्रांतीय म्हणून कधी ओळखले गेलेच नाहीत. तांडापेठ, पाचपावली आणि गोळीबार चौकाच्या आसपास राहणारे हलबा-कोष्टी आपले मूळ बस्तरकडील हलबा या जमातीत सांगतात. पूर्वज नागपूरकडे आले, विणकाम पत्करले आणि म्हणून कोष्टी म्हणविले गेले, असे त्यांचे म्हणणे आहे. अनुसूचित जमातींच्या जुन्या यादीत विदर्भातील हलबांचे स्थान मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांपुरते होते. नागपूर शहर त्याबाहेर पडे. १९७६ च्या दुरुस्तीने ही क्षेत्रमर्यादा उठविली, आणि हजारो कुटुंबांनी जमातीचे दाखले काढले, मुले वैद्यकीय महाविद्यालयांत गेली, सरकारी नोकऱ्या लागल्या. उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत त्यांचा दावा मान्यही केला. परंतु २८ नोव्हेंबर २००० रोजी, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे. तीत अमुक पोटजमात समाविष्ट आहे काय याचा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. हलबा-कोष्टी हे हलबा या नोंदीत येत नाहीत. तोवर अंतिम झालेले प्रवेश आणि नेमणुका न्यायालयाने अबाधित ठेवल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या एका प्रकरणात अवैध ठरलेल्या दाखल्यावरील नोकरीला संरक्षण देण्यास नकार दिला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा हुकूम काढला.

या निर्णयामागील तत्त्व मला कळते. ज्यांच्यासाठी यादी केली ते गडचिरोलीच्या अरण्यातील हलबा आणि गोंड अजून दूर उभे आहेत, शहरातील अधिक शिकलेल्या समाजाने त्यांची जागा घेतली तर यादीचा हेतूच नष्ट होतो, आणि यादीचा विस्तार करणे हे संसदेचे काम आहे. परंतु मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आयुष्य काढलेल्या माणसाचे दारिद्र्य त्या निर्णयाने खोटे ठरले नाही, आणि यंत्रमागाने त्याचा धंदा मोडल्यावर त्याच्यापुढे दुसरा कोणता दरवाजा राज्याने उघडला, असा प्रश्न त्याने विचारला तर त्याचे समाधानकारक उत्तर आपल्याजवळ नाही.

मनुष्याची कोटी ठरविण्याचा हा खटाटोप काही आपल्याच देशातला नव्हे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाचे नागरिकत्व नाकारताना, मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच कायद्याने गोरा, असे ठरविले. आणि आज नागपुरातून तेथे गेलेला अभियंता कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभा असतो, तो कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण परवान्यांच्या सात टक्क्यांहून अधिक देऊ नयेत या नियमामुळे. गांधीबागेतील ज्या घरातून असा मुलगा गेला आहे त्या घरातील वडीलधाऱ्यांना दुकानात गाठी उतरविणाऱ्या परप्रांतीय हमालाची स्थिती समजणे अवघड जाऊ नये.

हा हमाल या पेठेत सर्वांत अलीकडे आलेला आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी व हमाल कामगारांसाठी मंडळांचा कायदा केला, आणि तो देशात आदर्श मानला गेला. परंतु मंडळात नाव असलेल्याला त्याचा लाभ. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ठेकेदाराने आणलेल्या मजुराला संरक्षण देई. गावातील भावाच्या मागोमाग गाडीत बसून आलेला मनुष्य त्याच्या व्याख्येतच बसत नसे, आणि बहुतेक सगळे असेच येतात. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० च्या उन्हात, देशाच्या मध्यावरील या शहरातून चारी दिशांना माणसे पायी जाऊ लागली, तेव्हा किती जण कोणत्या जिल्ह्याचे होते हे सांगू शकेल अशी नोंदवही कोणत्याच कचेरीत नव्हती. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांच्या नोंदणीचा आणि शिधापत्रिका देशात कोठेही चालेल अशा व्यवस्थेचा आदेश दिला, आणि आता गावच्या पत्रिकेवर त्याला नागपुरात धान्य उचलता येते. ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र त्याची मुले येथील शाळेत मोठी होतात आणि पुन्हा तारीख पुढे येते. महाराष्ट्रात जातीचा दाखला मागणाऱ्या अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, येथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. आणि आंध्रातून बालपणी मुंबईस आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच ठरवून दिले आहे, की एका राज्यातील अनुसूचित जातीजमातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेल्यास तेथील सवलती त्याला मागता येत नाहीत. रायपूर किंवा बिलासपूरकडून आलेल्या नागपूरच्या मजुराच्या बाबतीत या नियमाला एक विलक्षण धार आहे. १९५० च्या त्या दोन्ही तारखांना रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्ये सीमा आली. परंतु १९५० च्या त्या तारखेपूर्वी आलेल्या आजोबांचा भाडेपावतीसारखा एखादा जीर्ण कागद ज्या घरात जपून ठेवलेला सापडतो त्या घरातील मुलीला दाखला मिळतो; ज्या घरात तो सापडत नाही, किंवा जे घर त्या तारखेनंतर त्याच वाटेने, त्याच कामासाठी, त्याच गल्लीत आले, तेथील मुलीला तो रायपूरला जाऊन काढावा लागतो, आणि नागपुरातील महाविद्यालयाच्या राखीव जागेसाठी त्याचा उपयोग होत नाही.